साडेबारा टक्के

ऐरोलीच्या अकराव्या मजल्यावर
माझ्या टेबलावर एक परदेश येऊन पडलाय.
अख्खा नाही, त्याची विमानं फक्त.
नऊ.
त्यातली दोन उभीच,
त्यांची इंजिनं काढून बाकीच्यांना लावलीत,
आजारी पोराच्या ताटातली भाकरी
कामाला निघालेल्याला बांधून द्यावी, तशी.

आमची कंपनी त्यात पैसा घालणार आहे.
किती घालावा ते मी सांगायचं,
म्हणजे माझ्या साहेबांना, त्यांनी त्यांच्या साहेबांना,
आणि सगळ्यात वरचे साहेब टाय सारखा करून
कॅमेऱ्यापुढे म्हणतील, भागीदारी.

रात्री साडेदहाला इंगुन स्क्रीनवर येते.
तिथे पाच वाजलेले.
तिच्या मागे खिडकी, खिडकीत राखाडी समुद्र.
मी विचारते, बेकरीचं बिल सात महिने का थकलंय?
ती म्हणते, बेकरीवाला माझा आतेभाऊ, मागत नाही.
मी लिहिते : संबंधित पक्ष.
विचारते, त्या टिकलीएवढ्या बेटावर
चार माणसांसाठी विमान का जातं?
ती म्हणते, तिथे दवाखाना नाही.
मी लिहिते : तोट्याचा मार्ग.
ती मला मिस गारात म्हणते.
मी दुरुस्त करत नाही.

साहेब म्हणाले, सुरुवातीला साडेबारा टक्के घेऊ,
पुढचं पुढे.
मी मान हलवली,
मग बराच वेळ कॉफी ढवळत बसले. साखर नव्हती त्यात.

ठाणे-बेलापूर पट्टीत हा आकडा
कुणाला समजावून सांगावा लागत नाही.
स्थळ बघायला येतात तेव्हा विचारतात :
मिळाले का तुमचे साडेबारा?
कुठल्या सेक्टरात?

माझा आजा, हाशा घरत, घणसोलीच्या खारीत
उघाडी राखायचा.
भरतीला फळी टाकायची, ओहोटीला उचलायची,
खारं पाणी बाहेर, भात आत.
एवढंच त्याचं खातं, रोज दोनदा जुळवायचा.
नोटीस आली तेव्हा अंगठा दिला
आणि मोजणीवाल्याला विचारलं,
"जमीन न्या, पन गावाचा नाव ऱ्हेल ना?"
मोजणीवाला भला माणूस होता.
म्हणाला, राहील की.

राहिलं.
स्टेशनला आहे, वीजबिलावर आहे.
उघाडी होती तिथे आता गाड्या धुतात.
आणि त्या साडेबारा टक्क्यांवर चार मजले चढले,
त्यांच्या भाड्यावर मी सी.ए. झाले,
हेही लिहायला हवं,
दुसऱ्या बाजूला.

काल इंगुनने विचारलं.
तीन महिन्यांचा पगार अडकलाय तिचा,
त्याबद्दल नाही.
त्यांच्या विमानांच्या शेपटीवर एक पक्षी आहे,
आपल्या टिटवीसारखा, पाय जरा आखूड.
म्हणाली, तो राहील ना?

करारात पान एकसष्टवर आहे ते :
नाव, रंग व चिन्ह यांबाबतचा निर्णय
गुंतवणूकदार घेईल.
मसुदा मीच तपासलाय. स्वल्पविरामसुद्धा माझा.

मी माईक बंद केला.
खाली खाडीच्या बाजूला एका टॉवरचा लाल दिवा
पेटत होता, विझत होता.
मोजणीवाला खरंच भला माणूस होता,
हे मला काल पहिल्यांदा कळलं,
आणि त्याचा रागही पहिल्यांदाच आला.

माईक चालू केला.
राहील, असं म्हणाले नाही.
म्हटलं, इंगुन, त्याचा एक नीट फोटो पाठव.
आणि माझं आडनाव घरत. घ.
तिने तीनदा प्रयत्न केला.
घ काही येईना तिला,
पण हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

ख्यातीचा रकाना रिकामाच होता.
तिथे आकडा टाकला नाही,
परिशिष्ट बारा-अ पाहावे, असं लिहिलं,
आणि बारा-अ मध्ये पक्षी लावला.
साहेबांनी विचारलं, हे कशाला?
म्हटलं, मालमत्ता आहे.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

फाइल अजून त्यांच्याकडेच आहे.