कमी पडलेलं शुल्क

मंजळूरच्या निबंधक कचेरीसमोर
चिंचेखाली माझं टेबल.
एकतीस वर्षं लोकांचे बांध, विहिरी, वाटा
मी कागदावर उचलून ठेवतो,
आणि घरी गेलो की बायको म्हणते,
आधी हात धुवा, शाईचा वास येतो.

चामुण्णी आला तेव्हा खिंडीतला वारा सुटला होता.
स्टॅम्पपेपर उडू नये म्हणून
त्याने आपली विड्याची पितळी पेटी वर ठेवली
आणि सांगत गेला :
सव्वीस सेंट जमीन, सात ताड, एक विहीर,
पूर्वेला कालवा, दक्षिणेला वारियरांचं कुंपण,
उत्तरेला पायवाट,
पश्चिमेला... थांबला. पश्चिमेला लिही,
माझा मुलगा जाळला ती जागा.
मी लिहिलं : स्वतःची उर्वरित जमीन.

लिहून देणार : चामुण्णी, वय एक्याऐंशी.
लिहून घेणार : तंकमणी, वय सत्तेचाळीस.
नातं?

यादी टेबलाच्या काचेखालीच होती.
आईबाप, नवराबायको, मुलगा, मुलगी,
भाऊ, बहीण, नातवंडं.
एवढ्यांना दिलं तर हजार रुपयांत भागायचं.
सून त्या यादीत नव्हती.

आमच्या भाषेत मुलगी म्हणजे मकळ्
आणि सून म्हणजे मरुमकळ्.
पुढची दोन अक्षरं, बस्स.
एकटी लिहिली तर त्यांचा अर्थ वाळवंट.

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं.
ती छत्रीची मूठ फिरवत उभी.
मग माझ्याकडे वळून म्हणाला, मकळ्.
मी ऐकलं ते लिहिलं.
खाली नेहमीचंच : राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय.
इतकं खरं वाक्य त्या वर्षी दुसरं लिहिलं नाही.

चौथ्या वर्षी म्हातारा गेला.
सोळावा दिवस उरकला
आणि कोईमतूरहून आलेली सुलोचना
परतीच्या बसऐवजी थेट कचेरीत शिरली.
अर्ज सुबक होता, माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोराने लिहिलेला :
'वडिलांना मी एकच मुलगी.'
यातही खोटं काही नव्हतं.

नोटीस निघाली. कमी पडलेलं शुल्क
नव्वद हजार दोनशे, वर दंड,
वर महिन्यामहिन्याचं व्याज.
मला वेगळी : परवाना रद्द का करू नये?

सुहराबीवी मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.
अप्पुक्कुट्टन, तुम्हालाही यादी पाठ नाही?
वारा होता मॅडम, मी म्हणालो,
खिंडीतल्या वाऱ्यात शब्दाचं पुढचं टोक उडून जातं.
त्या हसल्या नाहीत.
माझा कागद मात्र खालच्या खणात गेला.

तंकमणी आली ती दोन्ही मनगटं मोकळी घेऊन.
पितळी पेटीतून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या.
एका दहाच्या नोटेला चिकटपट्टी होती,
कारकुनाने ती परत सरकवली.
माझ्या खिशातली दिली.

आता चूकदुरुस्तीपत्र, मॅडम म्हणाल्या.
'पान दोन, ओळ सहा,
मुलगी असा उल्लेख आहे तेथे सून असे वाचावे.'
तंकमणीने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.
कमी पडलं ते भरलं मी, ती म्हणाली.
चूक कुणाची, ते आधी लिहा.

नमुन्यात त्याला चौकट नाही.
लिहून देणाऱ्याला विचारावं तर तो हयात नाही.
तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

व्हरांड्यात एकच बाक. एका टोकाला सुलोचना,
दुसऱ्याला तंकमणी, मधे पेटी.
बराच वेळाने सुलोचनाने ती उघडली.
चुना खडखडीत वाळलेला.
दात तर त्याला नव्हतेच शेवटी, ती म्हणाली,
मग पान कसं खायचा?

कुटून द्यायचे मी,
तंकमणी म्हणाली.