श्लोनक

नेरुळच्या हॉस्पिटलात इकलाक मुकादम दुभाषी.
अठरा वर्षं कुवेतला पाण्याचा टँकर चालवून
अरबी आणली तळोज्याला, मिळाली तशी,
क्रियापदांचे हातपाय मोडलेली.

बगदादहून वडिलांना घेऊन आलेली प्राध्यापिका
ऐकून हसते. हे तर नोकरांचं, म्हणते.
तिचं बोलणं बातम्यांतलं, कडक इस्त्रीचं.
इकलाकला निम्मं कळतं,
उरलेल्यावर तो मान डोलावतो.

मी काउंटरवर. करावे गावची.
माझी ‘गारी’ बाईंनी फळ्यावर खोडून ‘गाडी’ केली,
वर्ग हसला,
त्या दिवसापासून घरी एक जीभ, बाहेर एक.

रात्री मुलगी कँटीनला गेली तेव्हा
इकलाकने म्हाताऱ्याला विचारलं, श्लोनक?
म्हणजे कसा आहेस.
शब्दशः, तुझा रंग कोणता.

म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं.
मग हळूच म्हणाला, दियाय.
कोंबडी हवी त्याला. मुलीसमोर आठवडाभर
तो ‘दजाज’ म्हणत होता, आणि जेवत नव्हता.
दियाय दक्षिणेकडची, दलदलीतल्या गावांची,
आणि टँकरवाल्यांची.

फॉर्मवर मी लिहिलं : चिकन सूप, मीठ कमी.
निघताना इकलाकला विचारलं,
गारी कंय लावलीस रं?