सतरावा डाव

पुस्तक डॅनिश होतं, आणि डॅनिश येत होतं
फक्त आचाऱ्याला. तेही सुपाच्या पाकिटांवरचं.
थोरग्रीमूर एका हातानं पातेलं ढवळी,
दुसऱ्या हातात पुस्तक धरून ओरडे :
"बारा गुण असतील तर तोंड उघडा,
नसतील तर पास म्हणा आणि जेवा."

आइसलँडच्या उत्तरेला, फेब्रुवारीत
सहा तास कुऱ्हाडीनं कठड्यांवरचं बर्फ फोडायचं,
मग सहा तास आमचे.
टेबलावर ओलं फडकं पसरायचं,
म्हणजे जहाज कललं तरी पत्ते जागचे हलत नसत.
बाकी सगळं हलायचं.
स्नायब्योर्नचा कॉफीचा मग,
ओट्टारची देवावरची श्रद्धा.

मी एकोणीस वर्षांचा.
मला शिकवलं ते असं :
एक्का म्हणजे हॅलिबट, चार.
राजा कॉड, तीन.
राणी हॅडॉक, दोन.
गुलामाला काटेच फार, तरी एक मोजायचा,
परत समुद्रात टाकायचा नाही.
आणि डमी झालास की पत्ते मांडून गप्प बसायचं,
भुवईसुद्धा उचलायची नाही.
हा शेवटचा धडा मला फार उशिरा आला,
लग्नानंतर.

दुर्री-तिर्रीकडे आम्ही कुणी बघत नसू.
तो बघे.
"बारक्यांना विचारा," म्हणे,
"मोठे कुठे गेलेत ते त्यांनाच ठाऊक असतं."
हे पुस्तकात होतं की त्याच्या डोक्यात,
आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

पुस्तकाची शेवटची अकरा पानं नव्हती.
उत्तरं तिथं होती.
कुणी म्हणे, शेगडी पेटवायला गेली,
कुणी म्हणे, त्याहून वाईट कामाला.
सोळा डाव आम्ही आपापसांत भांडून सोडवले.
सतरावा राहिला.

चौकट पाच. अकरा हात हवेत.
इस्पिकच्या राणीचा पत्ता नाही.
एक्का इकडे, राजा तिकडे,
तिला डावीकडून पकडायची की उजवीकडून?
थोरग्रीमूर म्हणे, डावीकडे.
स्नायब्योर्न उजवीकडे; इंजिनरूममध्ये असलं की
त्याला म्हणे असल्या गोष्टी ऐकू येत.
ओट्टार नाणं उडवी.
नाणं घरंगळत जाई बाकाखाली,
आणि उतारी पुन्हा पहिल्यापासून.
नऊ हिवाळे.

मग जहाज भंगारात गेलं. ओट्टार नॉर्वेला,
सॅमनच्या पिंजऱ्यांवर. स्नायब्योर्नचे कान गेले.
मी दुकान टाकलं, दोऱ्या आणि रंगांचं,
आणि मुलगी डेन्मार्कला दिली
म्हणून डॅनिश शिकलो. नातवाशी भांडण्यापुरतं.

गेल्या सप्टेंबरात, आरहूसमध्ये,
चर्चच्या जुन्या बाजारात, चहाच्या किटलीखाली
ते दिसलं. तोच लाल पुठ्ठा. शेवटपर्यंत पानं.
मी उभ्यानंच उघडलं.

"सतरा : राणी शोधू नका.
आधी हुकूम काढून घ्या, किलवर दोन्हीकडचे संपवा,
मग बदामाचा एक हात त्यांना द्या.
आता त्यांनी काहीही खेळू दे,
राणी आपल्या पायांनी चालत येईल."

किटलीवाली बाई विचारत होती, घेणार का.
मी आमचे नऊ हिवाळे मोजत होतो.
एक हात द्यायचा.
हे आमच्यापैकी कुणाला
सुचलंसुद्धा नव्हतं.

अकुरेरीच्या वृद्धाश्रमात
थोरग्रीमूरनं भिंग धरून पान वाचलं,
ओठ हलवत, दोनदा.
खाली सह्या असतात तशा जागी बघून घेतलं.
"यातले निम्मे शब्द मला येत नाहीत,"
तो म्हणाला. "सुपात नव्हते."
मग भिंग ठेवून : "किती दिलेस?"
चाळीस क्रोनर, मी म्हणालो.
"महाग. डावीकडेच होती ती."

पत्ते त्याच्याकडे होते, एक छक्की सोडून.
नर्स म्हणाली, पंधरा मिनिटं आहेत मला,
शेजारच्या खोलीतल्या आजींनाही आणते,
त्यांना काहीच येत नाही.
"उत्तम," तो म्हणाला.

मी पिसायला घेतले.
त्यानं हातरुमाल
पाण्याच्या ग्लासात बुडवला, पिळला,
आणि टेबलावर नीट पसरला,
चारही कोपरे दाबून.