डोळा बघून मासा

पहिल्या वर्षी सासूने मला शिकवलं ते एवढंच:
मासा बघू नये, माशाचा डोळा बघावा.
फुगीर, काळाभोर, वर पाण्याचा थेंब ठेवल्यासारखा,
तो आजचा.
आत गेलेला, कडेला दूध सांडलेला,
तो कालचा.
आणि विकणाराच नजर चुकवत असेल
तर परवाचा.

चंद्रावती मेथर, निवतीची.
चाळीस वर्षं पहाटे बंदरावर लिलावाला उभी,
मग डोक्यावर टोपली, टोपलीत सुरमई, सरंगे,
आणि पोटात एक कप चहा, दोन बटर.
दुपारी पेज. रात्री
सुकटीची कोशिंबीर, कांदा जरा जास्त.
सुरमईची चव विचारा तिला,
ती भाव सांगेल.

मी माणगाव खोऱ्यातली.
आमच्याकडे मासा बाजाराच्या दिवशी, पाला रोजचा:
टाकळा, कुर्डू, लाल माठ, भोपळ्याची फुलंसुद्धा.
इथे मी माठ चिरायला बसले की ती म्हणायची,
"पालो गुरांक घाल."
शेवगा?
"शेवगो अष्टमीक. एकदा. देवासाठी."

मग ती संध्याकाळी नाण्यांवरून अंगठा फिरवू लागली.
उंबऱ्याला रोज त्याच ठिकाणी ठेच.
पडवीत बसून, सहज विचारल्यासारखं,
"खडकावरचो दिवो लागलो काय गो?"
दिवा केव्हाच लागलेला असायचा.
मी "आत्ताच" म्हणायचे.

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात डॉक्टरने बॅटरी मारली.
"माझो डोळो शिळो झालो म्हणा की," ती म्हणाली.
डॉक्टर साताऱ्याकडचा, त्याला कळलं नाही,
मीही समजावलं नाही.
डाव्यात मोती पिकलाय, तो काढू, म्हणाला.
पाल्याने मोती विरघळत नाही, उगाच कुणी सांगेल.
पण अंधारात दोन्ही डोळे उपाशी आहेत.
जेवता काय?
ती छताकडे बघत राहिली. मी सांगितलं.
सांगताना माझीच मान खाली.

कागदावर त्याने लिहिलं, मी वाचून दाखवलं:
हिरवा पाला, पिवळी फळं, भोपळा, अंडी, मासे.
मासे म्हटल्यावर ती अशी हसली
की बाकावरची माणसं वळली.
"मासे मी खंय खातंय, बाबा,
मासे माका खातत."

त्या मंगळवारी, अष्टमी नसताना, मी शेवगा ओरबाडला.
खोबरं घातलं, वरून तेलाची धार,
कारण नर्सबाई म्हणाल्या होत्या
पाल्याला तेलाचं बोट धरल्याशिवाय वाट सापडत नाही.
शेजारी तारल्यांचं तिखलं, तिरफळं ठेचून.
न्हाणीमागची पपई आजवर कावळ्यांची होती,
ती कापली.
ताटात माझं माहेर आणि तिचं बंदर
पहिल्यांदा एकमेकांना लागून बसले.
ती बोटाने पाला बाजूला सारत राहिली,
मग कुणी बघत नाहीसं वाटून
घास घेतला. मी चुलीकडे तोंड करून होते.

असे किती महिने गेले, मोजले नाहीत.
काही दिवस तिने ताट ढकललं.
काही दिवस पैसे नव्हते, तेव्हा नुसती पेज आणि पाला.
मध्ये मोती काढला, हिरवी पट्टी, काळा चष्मा,
चाळीस वर्षांत पहिल्यांदा महिनाभर घरी.

परत लिलावाला गेली त्या पहाटे मी बरोबर होते.
तिने एक बांगडा उचलला, कंदिलापाशी धरला,
त्याच्या डोळ्यात बघितलं,
आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं म्हणाली,
"दोन वरसां माका ह्यो दूध सांडलेलो विकलात रे, मेल्यांनू!"
कुणी हसलं, कुणी पाण्याकडे पाहिलं.
टोपली पुन्हा भरली गेली, डोळे बघून, एकेक.

त्यातले दोन तिने वेगळे काढून पदरात बांधले.
गिऱ्हाइकाने विचारलं, ते कितीला?
"ते विकूचे नाय," ती म्हणाली.
"ते बघूचे आसत."

संध्याकाळी पडवीत अंधार लवकर आला.
तिने काही विचारलं नाही.
मी वाट बघत बसले,
तिच्याआधी दिवा बघायचा नाही, असं ठरवून.