रिकामे चौरस

परिपत्रक आलं तेव्हा मी मैदानावर फक्की टाकत होतो.
खळदकर क्लार्क ऑफिसातून धावत आला.
(अठरा वर्षांत त्याला धावताना पहिल्यांदाच पाहिलं.
पाय बरा उचलतो. विशीत भेटायला हवा होता.)
म्हणाला, सर, सगळ्यांची फी माफ.
सगळ्यांची म्हणजे?
सगळ्यांची. खेळाचा कोटा असो, नसो.
आणि शिक्षणाची जुनी कर्जंसुद्धा.

थोरलीच्या फार्मसीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता
मी भरला त्याला तीनच महिने झालेत.
बँकेतून येताना पेढे आणले होते.
ते आज घशात उलटे फिरले.
खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच.
पर्वतीवरचे दिवे अजून जळताहेत
आणि मैदानावर चौदापैकी पाच जणी:
कात्रजहून पहिल्या बसने येणारी अल्फिया तांबोळी,
पूर्वा कोंढरे, जिला घरी कुणी विचारत नाही कुठे चाललीस,
आणि तिघी,
ज्यांच्यापर्यंत परिपत्रक बहुधा पोचलं नव्हतं.

मेघराणी धायगुडे आली साडेसातला,
नऊ नंबरचा टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून.
खांबावर ती वळायची तेव्हा
पंचाची शिट्टी तोंडातच राहायची.
सर, बूटपण आणलेत, म्हणाली. कुणाला तरी होतील.

खेळ आवडत नाही तुला?

कधीतरी आवडायचा असेल, सर.
पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात,
टीमबाहेर गेलीस तर फी भरावी लागेल.
तेव्हापासून प्रत्येक खो मला पावतीसारखा वाटायचा.

आवाजात राग नव्हता. तोच तर त्रास.

नगरच्या फायनलला तिचा गुडघा नारळाएवढा सुजला होता.
मी स्प्रे मारला, पट्टी आवळली
आणि कानाशी वाकून म्हणालो,
वडिलांना फोन लावू?
चाळीस हजार तयार ठेवा म्हणून?
ती उठली.
आम्ही जिंकलो.
ती ढाल आता प्राचार्यांच्या कपाटात आहे,
तिच्याआड ते शुगरच्या गोळ्या ठेवतात.

इतकी वर्षं वाटायचं, आपल्या शब्दाला वजन आहे.
वजन फीचं होतं.
मी नुसता काटा.

आता काय करणार, विचारलं.
झोपणार, म्हणाली. सात वाजेपर्यंत.
मग बघू.

संध्याकाळी एक नवीच मुलगी गेटपाशी उभी,
कस्तुरी लडकत, दुसरं वर्ष, स्टॅटिस्टिक्स.
तुळशीबागेत बांगड्यांच्या गाळ्यावर होती, चार ते नऊ.
कालच सोडलं.
चारला तुमची शिट्टी व्हायची ना, सर,
तेव्हा मी बरोबर गेटबाहेर पडत असायचे.
दोन वर्षं. नुसती शिट्टीच ऐकली.

हिच्या धावण्याबद्दल काय बोलावं!
हात अंगाशी धरून धावते,
जणू अजून बांगड्यांचे डझन सांभाळतेय.
खांब आला की वळत नाही, मिठी मारते.
टीममध्ये ती कधीच येणार नाही.
हे तिला सांगितलं.
बरं, म्हणाली, आणि पुन्हा धावली.

आठ चौरस. मुली सहा.
एक पाठलागाला, पाच बसल्या,
दोन चौरसांत दप्तरं ठेवली,
उरलेल्यात, शिट्टी अल्फियाकडे देऊन,
मीच बसलो.
बावन्नाव्या वर्षी उकिडवा.
दोन्ही गुडघे कुरकुरले,
तेव्हा एक तिसराच गुडघा आठवला.

तोंड रस्त्याकडे. मागचं काही दिसत नाही.
खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही,
हा नियम मीच घोटून घेतलेला.
मुरमावर पावलं वाजताहेत, जड, बेताल,
खांबापाशी अडखळून
पुन्हा इकडेच.

लडकतच असणार.