सोळावा चौकोन

पूर्व मोंटानाचा नकाशा आमच्या शाळेत
फळ्याच्या डावीकडे खिळ्याला लटकतो.
सहा मैल रुंद, सहा मैल लांब, पोटात छत्तीस चौकोन.
आकडे उजवीकडून डावीकडे जातात
आणि कडेला वळतात, नांगराचा बैल वळावा तसे.
सोळावा आणि छत्तिसावा शाळेचे.
हे राज्य व्हायच्या आधीच ठरलेलं,
म्हणजे मुलं नव्हती, छप्पर नव्हतं,
तेव्हापासून गवताच्या नावावर फी लिहिलेली.

मी टॉर्गर्सन, वय एकसष्ट, हिशेब ठेवते.
मुलं नऊ, शिक्षिका एक.
गवताचं माप असं:
एक गाय, तिचं वासरू, एक महिन्याचा चारा.
पैसा आधी हेलेनाला जातो,
सगळ्या चौकोनांच्या पैशांत मिसळतो
आणि फिरून इथे येतो तेव्हा
कुठल्या गाईनं कुठला खडू दिला, ओळखू येत नाही.
तरी मी मनात मांडते.
पृथ्वीचा नवा गोल: सात गाई.
स्टोव्हची दुरुस्ती: चोवीस.
डेल्मरचा चष्मा कुठल्याच रकान्यात बसेना,
तो माझ्या पर्समधून.

जूनमध्ये, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी
म्हटलं, चला रे, आपली जमीन बघून येऊ.
दोन पिकअप, अकरा मैल धूळ,
आणि तार आडवी आली.
सोळावा चौकोन समोरच होता,
मधला पट्टा ऑस्टबींचा. फाटकाला कुलूप.
आमच्या हक्काचं गवत आम्ही पाव मैलावरून
कपाळाला हात लावून पाहिलं,
ऊन डोळ्यांत येत होतं म्हणून.
पलीकडच्या गाईंनीही आमच्याकडे पाहिलं,
फी भरणारे पाहतात तसं.

"एवढंच?" डेल्मर म्हणाला.

रेवा तारेपाशी वाकून माती चाचपत होती.
तिच्या आईकडचे सगळे चेयेन.
"आजी म्हणते, तिची आजी इथे
काठीनं रानकंद उकरायची. जूनमध्येच."
मी विचारलं, तारेच्या ह्या बाजूला की त्या?
सोप्या वजाबाकीत चुकलेल्या पोराकडे मी बघते
तशी ती माझ्याकडे बघत राहिली.
"तेव्हा बाजू नव्हती."

संध्याकाळी वही उघडली.
पेट्रोल: एक गाय.
त्याखाली एक ओळ कोरी सोडली आहे.
तपासनीस बोट ठेवेल, तर सांगेन,
रक्कम जुनी आहे, जमा आहे,
कुणाची ते लिहायचं राहून गेलंय.