डावा खांदा

चौतीस वर्षं त्रिएस्तेत टपाल वाटलं ओरेस्तेनं.
पिशवीच्या पट्ट्यानं डावा खांदा
दोन बोटं खाली आला, तो आलाच.

पाच महिन्यांचं पेन्शन मोजलं
तेव्हा कुठे सूट झाला.
तीनदा टाचण्या, तीनदा
"ताठ उभे राहा, सिन्योर."
आज आरशात दोन्ही खांदे एका रेषेत,
जणू कुणाचं साधं पत्रही
कधी उचललं नाही यानं.

शिवणीत खोट काढायला जागा नाही.
तक्रार करायची तरी कसली?

लिव्हिया म्हणाली, छान दिसतोस,
आणि सवयीनं हात ठेवला
तिच्या नेहमीच्या उतारावर.
बोटांना लागला कापूस.
तिनं हात काढून घेतला,
परक्याला चुकून लागावा तसा.

हँगरवर मात्र
अगदी बेताचा बसतो.